परातभर पसारा

आमची नात अडीच वर्षांची झाली, तरी हाताला भाताचं एक शीत चिकटलं की भोकाड पसरायची. "शी, पूस!" हे तिच्या पहिल्यावहिल्या बोलांतले शब्द! हिरवळीवर उभं केलं की पाय वर घ्यायची. मुलगा-सून दिवसभर कामावर, आणि सांभाळणारी बाई मोबाईल दाखवून चमच्याने भरवणार. 2024 च्या जूनमध्ये मी कायमची ठाण्याला राहायला आले, तेव्हा हे ध्यान पाहिलं.

मी तीस वर्षं बालवाडी चालवलेली. म्हटलं, हे काम आपलंच. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला नेलं, ते काही महागड्या मॉंटेसरी साधनांवर नव्हे. खडे, पानं, बिया, शिंपले यांवरच त्यांनी भागवलं. मग माझ्या स्वयंपाकघरात कसली उणीव?

जुनी परात काढली, त्यात दोन वाट्या तांदूळ ओतले. शेजारी नरसाळं, गाळणी, डाव. बाईसाहेबांनी तीन दिवस फक्त डाव हलवला. मी आग्रह केला नाही. अशा मुलांचा हात धरून कशात घातला की ती आणखीच बिथरतात. चौथ्या दिवशी तिची आवडती वाटी तांदळात पुरून ठेवली. जरा वेळ बघत राहिली, मग एक बोट, मग दोन, आणि मग कोपरापर्यंत हात! पुढे खरखरीत रवा, मऊ पिठी, मग भिजलेला साबुदाणा. कोरडं आधी, ओलं मागून, हा क्रम मी सोडला नाही. शेवटी कणकेचा गोळा, चिकटू नये म्हणून वरून तेलाचं बोट लावलेला.

आणि एके दिवशी माझी अक्कल गहाण पडली. परातीत वाटाणे घातले आणि दूधवाल्याचे पैसे द्यायला उठले. पाच मिनिटं, फार तर सात. दुसऱ्या दिवशी चिमणीचं नाक वाहू लागलं. सर्दी म्हणून मी वाफ द्यायच्या तयारीत, पण सून म्हणाली, "आई, एकच नाकपुडी कशी वाहते?" तिने बॅटरी लावून पाहिलं, तर आत वाटाणा, ओलाव्याने टम्म फुगलेला. मी पिन घेऊन निघाले होते. तिने हात धरला म्हणून बरं, नाहीतर तो आणखी आत गेला असता. डॉक्टरांनी काढला. घरी येताना रिक्षात सून एवढंच म्हणाली, "तुमच्या भरवशावर मी ऑफिसला जाते, आई."

परात माळ्यावर गेली. मी बोलले नाही. बोलणार तरी काय? ती खरंच बोलली होती.

आठवडाभराने मी पोळ्यांची कणीक भिजवत होते. चिमणी आली, पदर ओढून म्हणाली, "मला गोळा!" सून ओट्याशी चहा गाळत होती. पोरीने दोन्ही हात मनगटापर्यंत कणकेत घातले, बोटं चिकटली, तशीच वर करून आईला दाखवली आणि हसली. सुनेने काही न बोलता स्टूल घेतलं आणि परात खाली काढली.

नियम मात्र तिचे. कडधान्यं नकोत, तांदूळसुद्धा नकोत. जे नाकात, कानात जाईल ते काहीच नको. बाजारचा रंग नाही, हळद किंवा बिटाचा रस चालेल. पाणी उथळ ताटलीत, बादली कधीच नाही. आणि परात मांडली की मोठ्या माणसाने हलायचं नाही, दारावरची बेल वाजो की फोन. खरं सांगते, पहिल्यांदा जरा झोंबलं मला. तीस वर्षांची बालवाडी आणि मला नियम शिकवायचे?

पुढे कित्येक महिने ती घरी आली की चप्पल काढून आधी बॅटरी शोधायची आणि लेकीचं नाक-कान तपासायची. एकदा चिमणीनेच ती बॅटरी पळवली आणि माझ्या नाकाशी धरून आईला ओरडून सांगितलं, "आजीच्या नाकात वाटाणा नाही!"