एकशे चाळीसची रेघ

दसऱ्याच्या सुट्ट्यांत मुलांना हैदराबादजवळचं पाण्याच्या खेळांचं उद्यान दाखवायचं, हे आम्ही पोळ्यालाच ठरवलं होतं. वेचणी लागायच्या आधीचे तेवढेच दिवस आम्हाला मोकळे. एकदा बोंडं फुटली की आमच्या जैनथमध्ये दिवसा घरात माणूस सापडत नाही.

निघायचे सहा जण: आम्ही दोघं, सासूबाई, वेदिका, धाकटा ओम आणि पांढरकवड्याची भाची. उद्यानाची तिकिटं भाचीच्या मोठ्या भावाने स्वतःच्या मोबाइलवरून काढून दिली. सासूबाईंचं ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतीत, मुलांची लहानांच्या दरात. रेल्वेचीही त्यानेच काढली.

आदिलाबादहून हैदराबादला जायला कृष्णा एक्स्प्रेस आमच्या सवयीची. रात्री बसायचं, पहाटे उतरायचं. ही गाडी आदिलाबाद सोडते आणि आधी महाराष्ट्रात शिरते. किनवट, हिमायतनगर, भोकर, मुदखेड, धर्माबाद करत बासरला पुन्हा तेलंगणात येते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातून निघून तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. सासूबाईंचं माहेर किनवटकडचं. गाडी कितीही उशिरा असो, त्या स्टेशनात त्या उठून खिडकीशी बसतात.

यंदा ते झालं नाही. सहाही तिकिटं वेटिंगवर होती आणि चार्ट लागला तरी एकही पक्कं झालं नाही. ऑनलाइन काढलेलं असं तिकीट आपोआप रद्द होतं, पैसे खात्यात परत येतात. पैसे येतील, पण उद्यानाची तारीख दुसऱ्याच दिवसाची होती. नवऱ्याने पिशव्या उचलल्या आणि आम्ही रात्रीची बस धरली. सासूबाईंनी गाडीसाठी केलेल्या दशम्या आम्ही इच्चोड्याच्या आसपास मांडीवर फडकं पसरून खाल्ल्या. निर्मलच्या घाटात ओमला उलटी झाली. सोनच्या पुलावर गोदावरी आली तेव्हा सासूबाईंनी अंधारातच हात जोडले आणि झोपलेल्या मुलांचेही हात धरून जोडायला लावले.

उद्यानाच्या दारात पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. दसऱ्याची गर्दी, रांग रस्त्यापर्यंत. खिडकीतल्या मुलाने बुकिंगचा नंबर घातला, सासूबाईंचं आधार कार्ड पाहिलं आणि कार्ड परत सरकवलं. नाव जुळत नाही म्हणाला.

खरंच जुळत नव्हतं. भाच्याने लिहिलं होतं तसं, जसं आपण मराठीत लिहितो: आधी अनुसया, मग सासऱ्यांचं नाव, मग आडनाव. कार्ड मात्र इथलं. त्यावर आडनाव आधी, त्यालाच लागून नाव, आणि सासऱ्यांचं नाव कुठेच नाही. तेलुगू माणसांत घराचं नाव, म्हणजे इंटिपेरु, पुढे असतं. आमच्या मुलांच्या शाळेच्या रजिस्टरातही तसंच चढतं. गावात कोणाला यात काही वाटत नाही, दोन्ही चालतं. त्या खिडकीत चालेना. ओळख पटवायची तर बुकिंगच्या मोबाइलवर ओटीपी जाईल, तो सांगा म्हणाला. मोबाइल भाच्याचा, भाचा शेतात, आणि त्याच्या शेतात रेंज नाही.

दीड तास आम्ही कठड्याशी उभे होतो. मला राग आला होता आणि रडूही येत होतं, कारण मुलं गप्प झाली होती. त्या वेळी मला आमच्या गावचा शिलालेख आठवत होता. जैनथच्या त्या जुन्या दगडावर जगद्देव परमाराच्या काळचा लेख आहे; त्याच्या पदरी असलेल्या लोलार्काची बायको पद्मावती हिने देऊळ बांधल्याचं त्यात कोरलंय. नऊशे वर्षं झाली असतील, त्या बाईचं नाव अजून वाचता येतं. आणि माझ्या सासूचं नाव तिच्या हातातल्या कार्डावरून कोणी मान्य करेना.

सासूबाई मात्र माझ्यासारख्या तापल्या नव्हत्या. त्या सुरक्षारक्षक बाईशी तेलुगूत बोलत होत्या. चाळीस वर्षं तेलुगू बायांच्या ओळीत कापूस वेचून शिकलेली त्यांची तेलुगू, माझ्यापेक्षा कितीतरी सफाईची. ‘ए ऊरु, अम्मा?’ बाईने विचारलं. जैनथ म्हटल्यावर तिने नारायणस्वामीचं देऊळ ओळखलं. तिने आम्हाला सावलीत बसवलं, पाणी दिलं आणि आत जाऊन वरच्या माणसाला घेऊन आली. त्याने दोन्ही नावं मोठ्याने वाचली, फोटो पाहिला, मान हलवली. तेवढ्यात भाचाही बांधावर आला आणि त्याचा फोन लागला. दोन्हीपैकी कशाने काम झालं ते मला अजून सांगता येत नाही.

मग उंची. लहानांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर. एकशे चाळीस सेंटिमीटरच्या आत. वेदिका रंगवलेल्या पट्टीला पाठ लावून उभी राहिली, टाचा चिकटवून, श्वास रोखून. तिचं डोकं रेघेच्या दोन बोटं वर गेलं. फरकाचे पैसे भरावे लागले. नवऱ्याने ते मोजून दिले आणि दुसरा हात तिच्या डोक्यावर तसाच ठेवला. उन्हाळ्यात शिवलेला तिचा फ्रॉक गुडघ्याच्या वर आलाय, हे मला तेव्हा दिसलं.

आत गेल्यावर कळलं की पाण्यात सुती कपडे चालत नाहीत. धागे सुटून गाळण्यांत अडकतात, ओला कापूस जड होतो. नायलॉनचे घ्यावे लागले. ‘आपला कापूस इथं नाही चालत व्हय?’ सासूबाईंनी कपडा चिमटीत धरून दोनदा विचारलं. त्यांना ते लागलं. मलाही लागलं. वर्षभर ज्याच्यावर घर चालतं त्याला कोणी दारात अडवलं की बरं वाटत नाही.

पण लाटांच्या तळ्यात भोंगा वाजला, पाणी उसळलं आणि ओम ओरडत बापाच्या गळ्यात पडला, तेव्हा मी सगळं विसरले. वेदिका सर्वांत उंच घसरगुंडीवर एकटी गेली. तिथेही उंचीची अट होती आणि या वेळी ती उंची तिच्या कामी आली. काठावरच्या बाकावरून सासूबाई बघत होत्या. ‘माय वो, एवढं पाणी! अन् आपल्याकडं पैनगंगा उन्हाळ्यात पाय भिजवत नाही.’

रात्रीच्या बसने परतलो. सकाळी चहा टाकला होता, तर वेदिका शिवणाची टेप घेऊन दाराच्या चौकटीशी उभी. एकशे चाळीसवर एक रेघ, तिच्या वर दोन बोटांवर दुसरी. पेन्सिल तोंडात धरून तिने आजीला विचारलं, ‘आजी, नाव आधी लिहू का आडनाव?’

सासूबाई पुढे आल्या आणि हाताने त्या रेघेखालची धूळ पुसून दिली.