दोघंच कवा असतो?

आद्यकवी मुकुंदराजांची समाधी असलेल्या अंबाजोगाईत बसून मी शृंगारकथा लिहितो. फार जणांना हे ठाऊक नाही. ज्यांना आहे ते बाजारात भेटले की विचारतात, "सध्या काय लिहायलात?" आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीत.

प्रेमकथेची पंचाईत अशी, की दोघं एकत्र येणार हे वाचकाला पहिल्या पानावरच कळलेलं असतं. मग तो उरलेली वीस पानं का वाचेल? सुरुवातीची बरीच वर्षं मी लपवाछपवी करत असे. पत्र हरवायचं, गैरसमज घडवायचा, तिसऱ्याच कुणाला मध्ये आणायचं. ना. सी. फडक्यांचं १९३१चं 'प्रतिभासाधन' मी कॉलेजात असताना दोनदा वाचलं होतं, त्यामुळे गाठी मारायचा हात बसलेला. पण गाठ लेखकानं मारलीय की आयुष्यानं, हे वाचक चटकन ओळखतो.

माझ्या आजीनं फडके वाचलेले नव्हते. ती आमच्या गावच्या योगेश्वरी देवीच्या लग्नाची गोष्ट सांगायची. देवीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं, वऱ्हाड निघालं, इथवर आलं आणि मुहूर्त टळला. वऱ्हाडाचे दगड झाले, देवी कुमारिकाच राहिली. हत्तीखाना लेण्यांतले दगडी हत्ती दाखवून लोक अजून म्हणतात, हे त्याच वऱ्हाडातले. इथून परळी पंचवीसेक किलोमीटर; तेवढी वाट देवीला पुरी झाली नाही. गोष्टीचा शेवट मला पाठ होता, तरी दर वेळी वाटायचं, आज पोचतील. कारण आजी प्रत्येक खोळंबा रास्त करायची. कुणाचं लेकरू रडत होतं, कुणाच्या बैलाचा नाल निघाला होता, नवरीच्या मावशीला विचारल्याशिवाय निघायचं कसं? खलनायक कुणीच नव्हता. पुढे काय होणार हे माहीत नसण्यातून ताण येतो, असं मी समजत होतो. आजीनं तो समज आधीच खोटा पाडून ठेवला होता, मला उमगायला वेळ लागला.

असाच रास्त अडसर जुन्या कवितेतही सापडतो. आमच्या जिल्ह्याची उत्तर सीमा गोदावरी. नदीच्या पलीकडे वरच्या अंगाला पैठण, सातवाहनांचं प्रतिष्ठान. हाल सातवाहनाच्या नावावरची 'गाथासप्तशती' महाराष्ट्री प्राकृतातली. तिच्यात एक बाई घरी उतरलेल्या वाटसरूला दिवसाउजेडी बजावते, की सासू कुठं निजते आणि मी कुठं निजते ते नीट पाहून ठेव, रात्री अंधारात चुकून आमच्या अंथरुणावर पडशील. वरवर मनाई, आतून आमंत्रण. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनानं 'ध्वन्यालोका'त ध्वनी म्हणजे काय हे समजावताना हीच गाथा उदाहरणाला घेतली. मला तिच्यात सासू सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती एक शब्द बोलत नाही, बहुधा झोपलेलीही नाही. सासू काढून टाका, दोन ओळींत काही उरत नाही.

हे सगळं कळत असूनही मी एक कथा नासवली. उसाच्या फडावरचं एक जोडपं, पंचविशीतलं, लग्नाला दोन वर्षं झालेलं. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घेताना हिशेब जोडीचाच. तो शब्द मला इतका आवडला, की दुसऱ्याच पानावर मी त्यांना कोपीत, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपडीत, एकत्र आणलं आणि पुढची सहा पानं नुसती वर्णनं केली. संपादकांनी कथा परत पाठवली. मला वाटलं, अश्लीलतेला घाबरले. (चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' १९६२च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली, आणि ती अश्लील नाही हे सर्वोच्च न्यायालयानं सांगेपर्यंत १९६९ उजाडलं, संपादकांनी भ्यावं यात नवल नाही.) पण सोबतच्या चिठ्ठीत एवढंच होतं: पान दोननंतर काही घडत नाही.

शेजारच्या वाडीतल्या एक मावशी खुरपणीला यायच्या. अठरा हंगाम तोडणी केलेल्या. मी आडवळणानं विचारलं, फडावर नवरा-बायकोला बोलायला सवड मिळते का?

त्या हसल्या. "दिसभर संगंच असतो की. त्यो तोडतो, म्या मोळ्या बांधते. पर दोघंच कवा असतो?"

मी खुरपं खाली ठेवलं.

सगळी परवानगी आहे आणि जागा नाही. लग्न झालेलं, दिवसभर खांद्याला खांदा लावून काम, आणि रात्री पाचटाच्या कोपीत पलीकडच्या कोपीतला खोकला ऐकू येतो. कधीही ऊस न्यायची गाडी येते, भोंगा वाजतो, मुकादम हाका मारतो आणि भरायला उठावं लागतं. हा अडसर मला रचावाच लागला नाही.

मी नव्यानं लिहिलं. पहिल्या रात्री ती बॅटरीच्या उजेडात त्याच्या पाठीतली उसाची कुसं वेचते. मोजून चौदा. पंधरावं सापडायच्या आत भोंगा. दुसऱ्या रात्री ती पाठ पुसून देते, तो तिचे मोळ्यांनी सोलवटलेले तळवे हातात घेतो, आणि परत भोंगा. तिसऱ्यांदा मात्र हात आखडला. दोन वेळा वाचक हळहळतो, तिसऱ्या वेळी त्याला लेखकाचा भोंगा ऐकू येतो. मग तिसऱ्या रात्री मी गाडी वाटेतच बिघडवली. सबंध रात्र त्यांची. आणि दोघं एकमेकांच्या कुशीत पडून, सवयीनं, गाडीचा कानोसा घेत राहतात. पूर्वी सहा पानं घेतलेला प्रसंग चार ओळींत झाला, आणि त्या ओळी लिहिताना माझ्याच छातीत धडधडलं. शृंगाराच्या प्रसंगानंतर दोघांतलं काहीच बदललं नसेल, तर मी तो प्रसंग आता कापतो, कितीही चांगला उतरलेला असो. इथं तो बदल होता: भोंगा न वाजताही तो ऐकू येतो, हे तिला त्या रात्री कळतं.

कथा पुढच्या वर्षी छापून आली. मावशींना मी वाचून दाखवली. कोपीतल्या ओळी वाचताना मी मान वर केली नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ब्येस हाय. पर गाडी आली न्हाई म्हंजी भरणीचा खाडा पडला. मंग उचल कशी फिटायची त्यांची?"

ते मी लिहिलंच नव्हतं. आता लिहायला घेतलंय.