मोकळी जागा

आजोबांची मोडीतली पत्रे मी स्कॅन करून संगणकावर ठेवली होती. स्वच्छ केलेली पाने ‘पत्रे’ या फोल्डरात होती आणि बिघडलेली ‘पत्रे जुनी’ या फोल्डरात. हा दुसरा फोल्डर पुसण्यासाठी चार ओळींची शेल स्क्रिप्ट लिहिली. ती निमूटपणे चालली. नंतर पाहतो तो ‘पत्रे जुनी’ जागच्या जागी आणि ‘पत्रे’ हा फोल्डर नाहीसा! दुसरी प्रत ठेवलेली नव्हती.

चूक यंत्राची नव्हती. फोल्डराचे नाव मी एका चलात ठेवले होते, आणि तो चल अवतरणचिन्हांविना वापरला होता. अशा वेळी शेल चलाच्या किमतीचा पदच्छेद करते. मोकळी जागा, टॅब आणि नवी ओळ या तिन्ही तिच्या लेखी शब्दांच्या सीमा. एका नावाची दोन नावे झाली. ‘पत्रे’ अस्तित्वात होते, ते पुसले गेले. ‘जुनी’ नव्हतेच, पण सक्तीने पुसण्याचा पर्याय दिलेला असल्याने तक्रारही उमटली नाही. दुहेरी अवतरणचिन्हांत किंमत भरली जाते, मात्र फुटत नाही. एकेरी चिन्हांत ती भरलीही जात नाही.

१९७९ सालच्या बॉर्न शेलची ही रीत बॅशनेही चालू ठेवली. २००१ साली ॲपलच्या आयट्यून्स २.० च्या इन्स्टॉलरमध्ये अशीच अवतरणचिन्हे राहून गेली आणि काहींच्या डिस्कवरचा सगळा मजकूर गेला. तेव्हा मी एकटा नाही. पण त्याने समाधान होत नाही.

मोडीत शिरोरेखा आधी ओळभर आखतात आणि शब्द न तोडता तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात. शब्द कुठे संपला, हे वाचणाऱ्याने अर्थावरून ओळखायचे. आजोबांचा तेवढा विश्वास वाचणाऱ्यावर होता. मी मात्र नावात जागा सोडली आणि अर्थ न जाणणाऱ्या वाचकाच्या हाती ते नाव दिले.

मूळ कागद बहिणीकडे ट्रंकेत होते. ते पुन्हा स्कॅन केले. सात पाने दरम्यान वाळवीने खाल्ली होती. ती आता कुठेच नाहीत.

हल्ली पुसण्याची आज्ञा देण्याआधी प्रत्येक नाव वेगळ्या ओळीवर छापून पाहतो. एका नावाच्या दोन ओळी दिसल्या, की हात थांबतो.