मनमाडचा काळा फत्तर

मनमाड पाहण्यासाठी कोणी मनमाडास जातो, असे आम्ही आजवर ऐकले नव्हते. मनमाडास मनुष्य जातो तो गाडी बदलण्यासाठी. वेरूळ-अजिंठ्याची लेणी पाहावयास निघालेला प्रवासी, शिर्डीचा भाविक, नांदेडच्या गुरुद्वाऱ्याची वाट धरलेला शीख यात्रेकरू, या सर्वांनी येथील फलाटावर वळकटीला पाठ टेकून कधी ना कधी डुलकी काढलेली असते. इतिहासाच्या अभ्यासकास फार तर १९३८ सालच्या फेब्रुवारीत येथे भरलेली रेल्वेतील दलित कामगारांची परिषद आणि तीतील डॉ. आंबेडकरांचे भाषण आठवेल. आम्ही स्वतः विद्यार्थिदशेपासून या स्थानकावर इतक्या वेळा चहा प्यालो आहो की, त्याचा हिशेब ठेवला असता तर एक लहानसा ग्रंथ झाला असता. परंतु स्थानकाच्या बाहेर पाऊल टाकण्याचे कारण कधी पडले नाही. त्यामुळे यंदाच्या नाताळच्या सुटीत आम्ही चार दिवस मनमाडास राहावयास जाणार, हे ऐकताच आमच्या एका सहाध्यापकांनी सहज विचारले, "कोणाचे लग्न?"

लग्न कोणाचेच नव्हते. एका परक्या गृहस्थाचा प्रश्न वर्षभर मनात सलत होता, त्याचे उत्तर शोधावयाचे होते.

आमची कन्या नोकरीनिमित्त कोपनहेगन येथे असते. तिच्या आग्रहामुळे गेल्या वर्षीच्या डिसेंबरात आम्ही उभयता तिच्यासह आइसलंड बेटावर आठ दिवस राहून आलो. ऐन हिवाळ्यात, उत्तर ध्रुववृत्ताच्या उंबऱ्याशी असलेल्या बेटावर, साठीकडे झुकलेल्या माणसांनी विसाव्यासाठी जावे, ही कल्पना आम्हांस प्रथम वेडेपणाची वाटली होती. प्रत्यक्षात इतकी निवांत सुटी आम्ही आयुष्यात उपभोगली नव्हती. त्या दिवसांत रेक्याविक शहरी सूर्य अकराच्या सुमाराला उगवतो आणि साडेतीनच्या सुमाराला मावळतो; तेव्हा उशिरा उठण्याची लाज बाळगण्याचे कारण उरत नाही. चार तासांच्या तिरप्या, केशरी उजेडात जे पाहावयाचे ते पाहावे, आणि मग खिडकीशी बसून कॉफी प्यावी. नळाचे ऊन पाणी थेट भूगर्भातून येते, त्यास गंधकाचा किंचित वास असतो, आणि ते कितीही वापरले तरी कोणी काही म्हणत नाही. पहिल्या दिवशी न्हाणीघरातून बाहेर येत आमचे कुटुंब म्हणाले, "एवढ्या पाण्यात आपल्या सबंध आळीची नरकचतुर्दशी झाली असती." हे वाक्य पुढे मनमाडास आम्हांस फार आठवले.

आम्हांस हिंडविणारा मोटारचालक हाच वाटाड्याही होता. तो पूर्वी शाळेत शिक्षक होता, असे त्याने सांगितले नसते तरी आम्ही ओळखले असते. कारण कोणताही दगड दाखविताना तो प्रथम आम्हांसच प्रश्न विचारी. थिंगवेल्लीर येथे इ. स. ९३० मध्ये त्या लोकांची पहिली लोकसभा भरली. तेथेच युरोप व अमेरिका यांचे भूपट्ट वर्षास सुमारे दोन सेंटिमीटरांच्या वेगाने एकमेकांपासून दूर सरकतात. त्या भेगेत उभे राहून त्याने आम्हांस आपले राष्ट्र आणि आपली भूमी या दोहोंचा जन्म एकदमच सांगितला. स्ट्रोक्कुरचे उन्हाळे दर सात-आठ मिनिटांनी आकाशात उसळते, तेथे तो घड्याळ हातात घेऊन उभा राहिला. आणि एके दिवशी परतीच्या वाटेवर अंधार पडल्यावर त्याने १७८३ सालची हकीकत सांगितली. त्या वर्षी जूनच्या ८ तारखेस लाकी येथे सुमारे पंचवीस-सत्तावीस किलोमीटर लांबीची भेग उघडली; तीतून आठ महिने लाव्हा वाहत होता; विषारी वायूने गवत करपले, गुरे-मेंढरे मेली, आणि त्या मागून आलेल्या दुष्काळात बेटावरील सुमारे पंचमांश माणसे दगावली. हे सांगताना त्याचा स्वर घरातील मृत्यूविषयी बोलतो तसा होता. त्याच सुमारास उत्तर हिंदुस्थानात पाऊस दगा देऊन जो दुष्काळ पडला, आणि विक्रम संवत् १८४० म्हणून ज्यास लोक 'चालिसा' म्हणत, त्यासही त्या धुराचा काही हातभार लागला असावा, असे अलीकडच्या काही शास्त्रज्ञांचे मत आहे. पण हे आम्ही मागाहून वाचले.

गोष्ट संपवून त्याने विचारले, "तुम्ही दख्खनचे ना? आमचे सबंध बेट एक लाख चौरस किलोमीटरांचे. तुमचा लाव्हा पाच लाख चौरस किलोमीटरांवर पसरला आहे. तो पाहावयास यावयाचे तर कोठे जावे?"

आम्ही घाईने म्हणालो, "वेरूळला." तो म्हणाला, "ते माणसांनी केलेले काम. चित्रांत पाहिले आहे, थोर आहे. मी लाव्ह्याविषयी विचारतो."

आम्ही हवेचा विषय काढला. सारी हयात ज्या खडकावर काढली, घराची जोती ज्याची, पाटा-वरवंटा ज्याचा, त्याविषयी सांगण्यासारखे एकही वाक्य आमच्यापाशी नव्हते. हेक्ला पर्वताचे नाव आम्हांस इंग्रजी पुस्तकांतून शाळेतच ठाऊक झाले होते. जूल व्हर्नचे प्रवासी पृथ्वीच्या पोटात कोणत्या विवरातून उतरले, हेही आम्ही झोपेत सांगितले असते. कन्या शेजारी बसली होती. ती काही बोलली नाही, हे अधिक लागले.

घरी आल्यावर सहा महिने पुस्तके चाळली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, हा भूखंड उत्तरेकडे सरकत असता, आज रियुनियन बेटाखाली धगधगत असलेला पृथ्वीच्या पोटातील तोच जाळ याच्याखाली होता. लाव्हा आला तो मुख्यतः शंकूच्या आकाराच्या पर्वतातून नव्हे, लाकीप्रमाणेच लांबलचक भेगांतून, आणि एकावर एक थर देत राहिला. सह्याद्रीत या थरांची जाडी कोठे कोठे दोन किलोमीटरांच्या घरात जाते. आमच्या खडकास शास्त्रात 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्द जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. जिना म्हणताच आमच्या डोळ्यांपुढे मनमाडहून दौंडकडे जाताना खिडकीतून दिसणारे अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले उभे राहिले. उत्तर ठरले. डिसेंबरात कन्या रजेवर येताच आम्ही निघालो.

मनमाडास स्थानकाजवळच एक साधे वसतिगृह मिळाले. तेथील व्यवस्थापकाने किल्ली देण्यापूर्वी एकच गोष्ट बजावली: आंघोळीस माणशी एक बादली. मनमाडचे नाव गेली कित्येक दशके पाण्याच्या टंचाईशी जोडलेले आहे. पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी नळास पाणी आल्याची वर्षे येथील लोकांनी काढली आहेत. कुटुंबाने आमच्याकडे पाहिले, आम्ही बादलीकडे पाहिले. पहिला दिवस आम्ही काहीच केले नाही. पहाटेची थंडी अशी की, निफाडच्या पाऱ्याच्या बातम्या आम्ही वर्तमानपत्रांत का वाचतो ते कळले. आणि नऊनंतरचे ऊन इतके गोड की, आइसलंडच्या चार तासांच्या सूर्याने तेथेच बसून राहावे. बाजरीची ऊन भाकरी, कांद्याची पात, ठेचा, दुपारी झोप, सायंकाळी पुलावरून गाड्यांची ये-जा. सुटी आणखी निराळी ती काय असते?

दुसरे दिवशी अंकाईस गेलो. मनमाडच्या दक्षिणेस दहाएक किलोमीटरांवर, येवल्याच्या वाटेने गेले की हे गाव लागते. गावात एक वृद्ध गृहस्थ भेटले. वय सत्तरीच्या पुढे, डोक्यास मफलर, हाती काठी. "पाव्हणे, कुठले म्हणायचे?" असे विचारून ते आपण होऊनच बरोबर निघाले. आयुष्यभर विहिरी खणण्याचा त्यांचा व्यवसाय. गडाच्या पायथ्याशी एका कोरड्या विहिरीच्या काठावर ते थांबले आणि कन्येस म्हणाले, "पोरी, आत बघ. गडाचं पोट पाहायचं तर ते इथं दिसतं."

काठीने दाखवीत त्यांनी जे सांगितले ते असे: वरचा तो काळा फत्तर, सुरुंगाने फुटतो, पण पाणी देत नाही. त्याच्याखाली मांजऱ्या, तो भोकाभोकांचा, आणि भोकांत पांढरे दाणे. मांजऱ्या लागला की विहीरवाल्याने आशा धरावी. आणि दोहोंच्या मध्ये ही हातभर तांबडी पट्टी, गेरूसारखी. ती लागली की समजावे, खाली दुसरा फत्तर सुरू झाला.

आम्ही चकित होऊन ऐकत होतो. सहा महिन्यांच्या वाचनाने आम्हांस जे कळले होते ते हेच होते. लाव्ह्याचा एक पूर येऊन निवाला. त्याच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून भोके राहिली, ती पुढे गारगोट्यांनी भरली. मग शेकडो, हजारो वर्षे काही आले नाही. खडकाची माती झाली. त्या मातीवर पुन्हा पूर आला आणि माती भाजून तांबडी झाली. ती हातभर पट्टी म्हणजे दोन प्रलयांमधील एक शांत युग होय. नाशिक-जळगावाकडच्या खाणींतील याच पांढऱ्या-हिरव्या स्फटिकांनी जगातील संग्रहालयांची कपाटे सजली आहेत. सिन्नरला तर त्यांचे 'गारगोटी' नावाचे संग्रहालयच आहे.

"आजोबा, हे तुम्हांला कोणी शिकवलं?" कन्येने विचारले.

"कोण शिकवणार? पहारीनं शिकवलं."

मग ही विहीर कोणाची, असे आमच्या कुटुंबाने विचारले. ते थोडा वेळ बोलले नाहीत. "आमचीच," ते म्हणाले. "साठ फूट गेलो. बैलजोडी विकून सुरुंग लावले. ताई, गावच्या विहिरींना पाणी दाखवलं मी. आपल्या रानात मात्र त्या एका थराखाली काळा फत्तरच निघत गेला." एवढे बोलून ते चालू लागले.

इगतपुरीस वर्षास तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या या पूर्व टोकास तो पाचशेच्या आसपास येतो. पडतो त्यातलाही फत्तर फारसा आत घेत नाही. हे आकडे आम्हांस पाठ होते. त्या विहिरीच्या काठावर मात्र ते उच्चारण्याचे धैर्य झाले नाही.

टंकाईच्या अंगास जैन लेणी आहेत. सात, लहान, पण कोरीव कामाने संपन्न. तेथे वानरांनी आमच्या शिदोरीतील दोन भाकरी आमच्यादेखत नेल्या. १६३५ साली शहाजहानच्या सेनापतीने हे किल्ले घेतले आणि १८१८ साली इंग्रजांनी. त्यांना गोळी झाडावी लागली नाही. आम्हांस अंकाईचा माथा घेण्यास मात्र अडीच तास लागले, आणि कुटुंबाच्या गुडघ्यांनी वाटेत दोन वेळा तहाची बोलणी लावली. माथ्यावर अगस्ती ऋषींचे स्थान व एक तळे आहे. ज्या ऋषीने समुद्र प्राशन केला असे पुराण सांगते, त्याची आठवण या कोरड्या मुलखाने एका तळ्याकाठी जपून ठेवावी, यात काही थट्टा आहे की मागणे, ते आम्हांस ठरविता आले नाही.

तेथून जे दिसले त्यासाठी मात्र आम्ही पुन्हा दहा वेळा चढू. एका बाजूस हडबीची शेंडी, म्हणजे डोंगराच्या डोक्यावर उभ्या केलेल्या अंगठ्यासारखा सुळका. खाली कांद्याची हिरवी वाफेबंदी, दौंडकडे जाणारी आगगाडी. आणि क्षितिजापर्यंत सपाट माथ्यांचे डोंगर. कन्या म्हणाली, "बाबा, यांचे कडे एकाच पातळीत आहेत." पाहतो तो खरेच! या डोंगराचा कडा जेथे संपतो तेथेच, तीन कोसांवरच्या त्या डोंगराचा. याची पायरी तीच त्याची पायरी. मग ध्यानात आले की, हे डोंगर येथे कधी वर आलेच नाहीत. एकेकाळी जमीनच या उंचीवर होती, सलग. मधली सारी जमीन ऊन, वारा व पाणी यांनी कणाकणाने उचलून नेली, आणि हे उरले. त्या बेटावर आम्ही लाव्हा येताना काय होते ते पाहिले होते; तेथील ग्रिंदाविक गाव २०२३ सालच्या नोव्हेंबरात एका रात्रीत रिकामे करावे लागले. येथे तो जाताना दिसत होता. खालची काळी जमीन, जीत कांदा वाढत होता, ती त्या गेलेल्या डोंगरांचीच माती.

वृद्ध गृहस्थ तळ्याकाठी विडी ओढीत बसले होते. कन्येने त्यांस डोंगरांच्या पातळीविषयी सांगितले. "मग?" ते म्हणाले, "थर लांबवर जातो. त्यावरूनच तर पल्याडच्या गावची विहीर आम्ही इथं बसून सांगायचो."

उरलेले दोन दिवस शेंडीच्या पायथ्याशी हिंडण्यात, हुरडा खाण्यात व झोपण्यात गेले. शेवटच्या रात्री कन्येने आइसलंडच्या त्या वाटाड्यास पत्र लिहिले. कोठे यावे, काय पाहावे, हे आम्ही सांगत गेलो आणि ती लिहीत गेली. वृद्ध गृहस्थांनी सांगितलेले थर तिने चित्र काढून दाखविले. फक्त त्यांच्या विहिरीविषयी लिहावे की न लिहावे, यावर उभयतांत बराच वाद झाला. कुटुंबाने निकाल दिला, "त्यानं आपल्याला त्यांच्या दुष्काळाचं सांगितलं होतं ना? मग लिही."

पंधरवड्यात त्याचे उत्तर आले. पुढील जानेवारीत तो येऊ म्हणतो. विहीर दाखवाल का, असे त्याने प्रथम विचारले आहे आणि मनमाडास राहण्याची सोय कशी आहे, हे मागाहून. खोली मिळेल, आंघोळीस एक बादली मिळेल, आणि विहीर ज्यांची आहे त्यांस विचारून कळवितो, असे आम्ही त्यास उलट टपाली लिहिले आहे.