पप्पांचा टाइपरायटर ग्रोनिंगनला



हॉलंडला लोक ट्यूलिप बघायला जातात. मी गेल्या वर्षी मांडीवर टाइपरायटर घेऊन थेट उत्तरेला, ग्रोनिंगनला गेले. माझी नात तिथे शिकते. विद्यापीठ १६१४ सालचं, गाव सगळं सायकलींचं. तिला जुने पोर्टेबल टाइपरायटर जमवून दुरुस्त करायचा नाद लागलाय. “सावता, पप्पानानांचं मशीन घेऊनच ये,” म्हणून मागे लागली होती.

हे मशीन म्हणजे हर्मिस बेबी. स्विस बनावटीचं, १९३५ साली निघालेलं मॉडेल, उंचीला चार बोटं, वर पत्र्याचं झाकण. पप्पांनी ते चोरबाजारात सेकंडहँड घेतलं. उमरखाडीतल्या आमच्या चाळीतल्या कितीतरी घरांचे अलियाचे अर्ज त्याच्यावर टाइप झाले, फुकटात. शेवटी १९६९ साली आमचा झाला आणि मशीन आमच्याबरोबर इथे आलं. पप्पा गेल्यावर कळा अडकायला लागल्या, तेव्हा मी शहाणपणा करून शिवणयंत्राचं तेल ओतलं. मशीन कायमचं बसलं. भाऊ म्हणाला, भंगारात टाक. त्यावरून आम्ही सहा महिने बोललो नव्हतो.

बेन गुरियनला सिक्युरिटीच्या मुलीने झाकण उघडायला लावलं. तिने असलं यंत्र पाहिलंच नव्हतं. तिने दोन कळा दाबून पाहिल्या, हलल्या नाहीत.

नातीने स्वयंपाकघराच्या टेबलावर चादर अंथरली आणि मशीन उघडलं. मला ऑपरेशन थिएटरची आठवण झाली. अक्षरांच्या दांड्या ज्या अर्धगोलातल्या फटींत बसतात, तिथे माझ्या तेलाचा धुळीबरोबर डिंक झाला होता. तिथे तेल घालायचंच नसतं, हे मला आत्ता कळलं. कोणाच्या घरी असं मशीन असेल तर लक्षात ठेवा: स्पिरिट आणि ब्रश, बस. मी एकेक फट साफ केली. चाळीस वर्षं चिमटे-कात्र्या हाताळलेल्या माझ्या बोटांना ते काम आवडलं. तिसऱ्या दिवशी ‘ए’ची दांडी आपणहून खाली पडली.

संध्याकाळी ती मला फोल्किंगेस्ट्राटला घेऊन गेली. ही यहुद्यांची गल्ली होती. युद्धापूर्वी गावात सुमारे २,८०० यहुदी होते, परत आले ते मोजकेच. १९०६ सालच्या सिनेगॉगमध्ये युद्धानंतर लाँड्री चालायची, १९८१ साली ते पुन्हा उघडलं. तिथेच तिने मला वेर्कमानची गोष्ट सांगितली. एच. एन. वेर्कमान हा याच गावातला छापखानेवाला, यहुदी नव्हे. १९२०च्या दशकात तो टाइपरायटरवर नुसत्या अक्षरांची चित्रं काढायचा, त्यांना ‘टिक्सेल’ म्हणायचा. जर्मन अंमलात, जेव्हा इथले यहुदी गाड्यांत भरले जात होते, तेव्हा त्याने हसिदी कथांवर दहा-दहा चित्रांचे दोन संच छापले. १० एप्रिल १९४५ला त्याला गोळी घातली. सहा दिवसांनी गाव मोकळं झालं. जप्त केलेली त्याची कितीतरी चित्रं गेस्टापोवाल्यांच्या इमारतीबरोबर जळाली. मी त्या गल्लीत बराच वेळ उभी होते, काही बोलले नाही.

घरी आल्यावर आमचं भांडण झालं. रोलरचं रबर दगड झालं होतं आणि त्यावर बारीक खड्डे होते, पूर्णविरामाचे. पप्पा पूर्णविराम इतक्या जोरात मारायचे की कागदाला भोक पडायचं. नात म्हणाली, रोलरवर नवं रबर चढवून घेऊ, नाहीतर कागद सटकतो आणि अक्षरं झिजतात. ती बरोबर होती. मी म्हटलं, बाकी सगळं बदल, हे नको. ती म्हणाली, “सावता, मग ते वापरायचं की पुजायचं?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. रात्री दोघी न बोलता झोपलो.

सकाळी तिने टाइपायच्या कागदामागे आणखी एक जाड कागद घातला. मागे असा कागद असला की रोलर थोडा मऊ होतो. त्याने काही वर्षं भागेल, म्हणाली. पुढचं पुढे.

मशीन तिच्याकडेच ठेवून आले. भावाला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, “चालतंय का?” महिन्याभराने अशदोदला पत्र आलं, चार ओळींचं. ‘ई’ जरा वर चढलेला, पूर्वीसारखाच. ते मी त्याला पाठवून दिलं.