गोलाच्या तोंडाशीं

पन्नाशी उलटलेल्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकानें फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्यें गोल कसे मारावेत याविषयीं लिहावें, हें ऐकून आमचे कांहीं सहकारी चष्मा कपाळावर चढवतील. त्यांचें आश्चर्य मला मान्य आहे. उभ्या आयुष्यांत मीं खऱ्या मैदानावर एकहि गोल मारलेला नाहीं. शाळेंत असतांना मला गोलरक्षक म्हणून उभें करीत, कारण पळण्यांत माझा कांहीं उपयोग नव्हता. उभें राहण्यांतहि तो नाहीं, हें तिसऱ्या सामन्यांत सर्वांच्या ध्यानांत आलें. तरी गेल्या दोन-अडीच वर्षांत मीं पडद्यावर जे शेंकडों गोल चुकवले आहेत, त्यांच्या बळावर या विषयांत चार शब्द बोलण्याचा अधिकार मला पोंचतो असें मला वाटतें. गोल मारणाराला आपण तो कसा मारला हें क्वचितच सांगतां येतें. चुकवणाराला मात्र सारें पाठ असतें.

हें यंत्र आमच्या घरांत आलें 2023 सालीं. त्याच्या आधींचें एक यंत्र, चिरंजीव बारावींत असतांना, मीं कपाटांत ठेवून त्याला कुलूप घातलें होतें. परीक्षा झाली, गुणहि चांगले पडले, आणि मी कुलूप काढायला गेलों तेव्हां "आतां राहूं द्या, बाबा," एवढेंच तो म्हणाला. पुढें अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असतांना त्यानें एक वापरलेलें प्लेस्टेशन विकत घेतलें. त्यांत माझा एक पैसाहि नाहीं, असें तो बोलला नाहीं. पण तें मला कळावें अशी व्यवस्था झाली. त्याबरोबर फुटबॉलचा तो खेळहि आला. 1993 पासून तीस वर्षें जग ज्याला ‘फिफा’ म्हणत आलें, त्याचें नांव नेमकें त्याच वर्षीं बदलून ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ झालें होतें. आमच्या घरीं मात्र तो अजूनहि फिफाच.

त्या काळांत आम्हां बापलेकांचें संभाषण "सिलिंडर आला का", "आला" अशा पल्ल्याचें असे. जर्मनींतील एका विद्यापीठाचें प्रवेशपत्र आलें तेंहि मला त्याच्या आईकडून समजलें. त्या रात्रीं मी त्याच्या खोलींत गेलों. बोलायचें पुष्कळ ठरवून गेलों होतों, तोंडून निघालें तें असें : "हें मला शिकवशील का?"

त्यानें कंट्रोलर माझ्या हातांत दिला. त्यावर चार चिन्हें असतात : फुली, गोळा, चौकोन आणि त्रिकोण. फुली दाबली कीं चेंडू सोबत्याकडे जातो, गोळा दाबला कीं गोलाकडे. तीस वर्षें उत्तरपत्रिका तपासतांना मीं या दोन चिन्हांचा जो उपयोग केला त्याची आठवण होऊन मला हसूं आलें. आमच्याकडे फुलीनें मुलगा खचतो व भोपळ्यानें रडतो. येथें फुली म्हणजे सहकार्य आणि गोळा म्हणजे पराक्रम! अर्थात् मला पराक्रमाचीच घाई होती. पहिला आठवडा माझ्या बोटाखालीं गोळ्याशिवाय दुसरें बटण आलें असेल असें वाटत नाहीं.

आणि सारे फटके आकाशांत गेले. चेंडू गोलाच्या तोंडाशीं, समोर एकटा गोलरक्षक, आणि तरी चेंडू आडव्या दांड्यावरून प्रेक्षकांत. याचें कारण अगदीं साधें आहे. गोळा दाबून धरला कीं पडद्याच्या खालच्या बाजूस एक लहानशी पट्टी भरूं लागते. जितका वेळ बटण धरावें तितकी ती भरते, आणि जितकी भरते तितका फटका जोराचा व उंच. खरा गोल रुंदीला 8 यार्ड असला तरी उंचीला अवघा 8 फूट असतो, आणि पडद्यावरचाहि त्याच प्रमाणाचा. जवळून मारतांना पट्टी निम्मीहि भरूं द्यायची नसते. बोट टेकवायचें आणि उचलायचें. "बाबा, तुम्ही बटण सोडतच नाहीं!" चिरंजीव दर खेपेस म्हणे. गोल हवा ही इच्छा जितकी उत्कट, तितकें बोट बटणावर घट्ट बसे, आणि तितका गोल लांब जाई.

मला त्या वेळीं आमची प्रयोगशाळा दिसूं लागे. ब्यूरेटमधून चंबूंतल्या आम्लांत अल्कली सोडतांना फिनॉल्फ्थॅलीनचा रंग बदलण्याचा क्षण जवळ आला कीं मी मुलांच्या मागें उभा राहून म्हणतों, "आतां थेंबथेंब. हात आवर." फिकट गुलाबी छटा टिकली कीं थांबायचें, एखादा थेंब जास्त पडला कीं चंबू गडद गुलाबी होतो, आणि मग प्रयोग पहिल्यापासून करावा लागतो. हें वाक्य मीं किती मुलांना सांगितलें असेल याची गणती नाहीं. पण ज्या दिवशीं मीं तें यंत्र कपाटांत घातलें, त्या दिवशीं मी मुलापुढें दीड तास बोललों होतों. पहिल्या दहा मिनिटांतच त्याची मान खालीं गेली होती व "बरं" असें तो म्हणालाहि होता. उरलेला वेळ मी कोणासाठीं बोलत होतों तें मला आजहि सांगतां येत नाहीं.

पण मी खेळाविषयीं सांगत होतों. बोट आवरल्यावर माझ्या ध्यानांत आलें कीं माझे फटके आतां सरळ गोलरक्षकाच्या हातांत जातात. याला कारण दुसरी खोड. डावीकडची दांडी ज्या दिशेला ढकलावी त्या बाजूला चेंडू जातो, आणि मी ती भीतीनें मधोमध धरून ठेवी. शिवाय पळण्याचें बटण मी कधींच सोडीत नसें. भरधांव पळत मारलेला फटका या खेळांत वेडावांकडा जातो, खऱ्या मैदानावर जातो तसाच. पाऊल स्थिर करावें, शरीर गोलाकडे वळूं द्यावें, आणि मग मारावें. बाजूनें आंत शिरतांना गोलरक्षक आपल्याजवळचा खांब धरून उभा असतो. तेव्हां चेंडू त्याच्या अंगावरून तिरका, लांबच्या खांबाकडे धाडावा. उजवीकडचें वरचें बटण धरून गोळा दाबला तर खेळाडू पावलाच्या आंतल्या कडेनें चेंडू असा वळवतो कीं तो बाहेर चालला आहे असें वाटतां वाटतां जाळ्यांत शिरतो. डावीकडचें वरचें बटण धरलें तर पुढें धांवून आलेल्या गोलरक्षकाच्या डोक्यावरून चेंडू हलकेंच उचलला जातो. ही दोन्हीं बटणें एकदम धरून मारण्याचा एक जबरदस्त फटकाहि 2022 च्या आवृत्तींत आला. तो दिसायला मोठा भव्य, पण पाय मागें घेण्यास इतका वेळ लावतो कीं तेवढ्यांत कोणी तरी येऊन चेंडू घेऊन जातो. मोठ्या आवेशानें भाषणास उभ्या राहणाऱ्या वक्त्यांचें असेंच होतें. पण तें असो.

पायांचाहि विचार करावा लागतो. प्रत्येक खेळाडूच्या दुबळ्या पायाला एकापासून पांचापर्यंत तारे दिलेले असतात. चिरंजीवांचा आवडता हालांड. 2022-23 च्या प्रीमियर लीगमध्यें 36 गोल मारून त्यानें विक्रम केला, तो मुख्यतः डाव्या पायाचा धनी. मीं माझ्यासाठीं कोरियाचा सोन ह्युंग-मिन निवडला, कारण त्याच्या दुबळ्या पायालाहि पांचच्या पांच तारे आहेत आणि चेंडू कोणत्या पायावर आला हें पाहण्याइतकी चपळाई माझ्या डोळ्यांत उरलेली नाहीं.

दुपारीं घरीं कोणी नसतांना मी सरावाच्या मैदानांत जाऊं लागलों. तेथें आपण आणि गोलरक्षक, तिसरें कोणी नाहीं. एकाच जागेवरून वीस वीस फटके मारावेत, प्रत्येक वेळीं पट्टी किती भरली तें पाहावें. 2018 च्या आवृत्तीपासून आलेली एक सोयहि मीं तेथें घोटली. फटक्याचें बटण एकदां दाबून, पाय चेंडूला लागतो त्या क्षणीं तें पुन्हां दाबायचें. क्षण अचूक साधला तर हिरवा दिवा लागतो व फटका नेमका जातो. फार आधीं दाबलें तर तांबडा, आणि चेंडू भलतीकडे. एकदां मी असाच हिरव्याच्या नादांत असतांना सौभाग्यवती बँकेतून लवकर परतल्या. दारांत उभ्या राहून त्यांनीं सारें पाहिलें आणि विचारलें, "प्रॅक्टिकलचीं जर्नलें तपासून झालीं वाटतं?" चिरंजीवांना मात्र त्या कांहीं बोलल्या नाहींत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहें.

एवढ्या सरावानें माझे गोल वाढले, पण थोडेच. खरा फरक पडला तो एका जुन्या आठवणीनें. 1986 सालीं जून महिन्यांत आमच्या वाड्यांत एकाच घरीं दूरदर्शन संच होता, आणि तेथें दाटीवाटीनें बसून आम्ही इंग्लंडविरुद्ध माराडोनाचा तो दुसरा गोल पाहिला होता. आपल्या अर्ध्या मैदानांतून निघून, एकामागून एक माणसें चुकवून, शेवटीं शिल्टनलाहि बगल देऊन त्यानें चेंडू आंत सारला. लोक त्याचें पळणें आठवतात. मला आतां आठवलें तें असें, कीं त्यानें शेवटपर्यंत फटका मारण्याची घाई केली नाहीं. मी माराडोना नव्हे, शिल्टनला चुकवणें माझ्या बोटांना जमणारें नाहीं. पण घाई न करणें जमण्यासारखें होतें. गोलाच्या जवळ गेलों आणि कोन अरुंद झाला कीं मी थांबूं लागलों, आणि थांबलों कीं दिसूं लागलें : मागून कोणी तरी मोकळा धांवत येत असे. तो इतके दिवस येतच असला पाहिजे.

तो जाण्याच्या आधींच्या आठवड्यांत एका रात्रीं आम्ही खेळलों. ऐंशी मिनिटें उलटलेलीं, एकास एक बरोबरी. माझा सोन डावीकडून आंत शिरला. समोर गोलरक्षक पुढें येत होता आणि माझें बोट गोळ्यावर होतें. तें मीं उचललें आणि फुली दाबली. चेंडू आडवा गेला. दुसऱ्या एका खेळाडूनें, ज्याचें नांवहि मला ठाऊक नव्हतें, तो मोकळ्या गोलांत सारला. चिरंजीव पडद्याकडे न पाहतां माझ्याकडे पाहत राहिला. "पास?" तो म्हणाला, "तुम्ही?" पुढच्याच मिनिटाला हालांडनें परतफेड केली आणि पेनल्टींत मी हरलों. रात्रीचा एक वाजला होता. "आणखी एक खेळूं या?" असें त्यानें विचारलें, आणि दुसऱ्या दिवशीं मला सकाळचा तास असूनहि मीं हो म्हटलें. त्या दुसऱ्या सामन्यांत त्यानें मला जर्मनींतल्या खोलीचें भाडें, तिथली थंडी, आणि रसायनशास्त्र न घेण्याचें खरें कारण, हें सारें पडद्यावरची नजर न काढतां सांगितलें. कारण ऐकून मला तीन उत्तरें सुचलीं. मी फुली दाबीत राहिलों.

आतां तो तिकडे आहे. जुनें यंत्र त्यानें माझ्यापाशीं ठेवलें, स्वतःसाठीं तिकडे दुसरें घेतलें, आणि रविवारीं आम्ही इंटरनेटवरून खेळतों. हिवाळ्यांत आमचे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हां त्याची दुपारची साडेचारची वेळ असते. इतक्या लांबून खेळतांना एक अडचण येते. बटण दाबल्यानंतर तें पोंचायला किंचित् उशीर होतो. अगदीं लहानसा, पण तेवढ्यानें माझा सारा अभ्यास पाण्यांत जातो. घरीं हिरवा लागणारा दिवा आतां लागतच नाहीं. मीं तक्रार केली तेव्हां कानांतल्या यंत्रांतून त्याचा आवाज आला, "लाइन स्लो आहे, बाबा. थोडं आधीं दाबा." मग त्याच्या मागें कुकरची शिट्टी ऐकूं आली आणि त्यानें खेळ थांबवला. आमटीला चिंच किती घालायची, असें तो विचारीत होता. मीं दूरध्वनि त्याच्या आईकडे दिला आणि कंट्रोलर हातांत धरून बसून राहिलों. पडद्यावर माझा सोन गोलाच्या तोंडाशीं एक पाय उचलून तसाच थबकला होता.