रडकं गाणं? छे, हसरं!

दुःखाचं गाणं म्हटलं की काय आठवतं? संथ चाल, रडवेला सूर... हो ना? मलाही तसंच वाटायचं. पण एका कॅसेटनं माझी समजूत पार उलटीपालटी केली!

मी तेव्हा आठवीत होतो. दादा बी.कॉम. होऊन नोकरी शोधत होता. जिथे जाईल तिथे एकच प्रश्न, ‘अनुभव किती?’ हळूहळू तो घरात बोलेनासाच झाला. एका रविवारी मामा आला आणि त्याने टेपवर लुई जॉर्डनची कॅसेट लावली.

काय सांगू! सॅक्सोफोन जणू खो-खो हसत होता, पियानो टुणटुण उड्या मारत होता. या संगीताला म्हणतात ‘जंप ब्लूज’. वादक मोजकेच, पण दणका मोठ्या बँडचा! जॉर्डन हा अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात १९०८ साली जन्मलेला कृष्णवर्णीय गायक. त्याच्या बँडचं नाव ‘टिंपनी फाइव्ह’. गंमत म्हणजे, वादक बऱ्याचदा पाचाहून जास्त असायचे! १९५७ च्या या अल्बममध्ये त्याने आपली जुनी गाजलेली गाणी नव्याने गायली. वाद्यांची रचना क्विन्सी जोन्सची. हो, मायकेल जॅक्सनच्या १९८२ च्या ‘थ्रिलर’चा निर्माता, तोच!

मग लागलं ‘चू चू च-बूगी’. अगदी आगगाडीचा ठेका! मी आणि ताई नाचायलाच लागलो. मामा अर्थ सांगू लागला. गडी गाडीतून उतरतो, खिसा रिकामा. पेपरातल्या नोकरीच्या जाहिराती सगळ्या वाचून काढतो. काम आहे, पण खास कसब असणाऱ्यालाच! मग काय, पेपर जिथल्या तिथे ठेवून स्वारी पुन्हा रुळांकडे!

हे गाणं पहिल्यांदा आलं १९४६ मध्ये. महायुद्ध नुकतंच संपलं होतं. लाखो सैनिक परतून कामं शोधत होते. कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीत ते तब्बल १८ आठवडे पहिलं राहिलं. म्हणजे बघा, ज्यांचे खिसे रिकामे होते, तेच यावर नाचत होते!

“अरे, हा तर मीच!” कोपऱ्यातून दादा म्हणाला आणि खूप दिवसांनी मोठ्याने हसला.

त्याला नोकरी लागली ती पुढे पाच महिन्यांनी. गाण्यामुळे नव्हे हं! पण सोमवारी सकाळी तो नवा अर्ज लिहायला बसला, तेव्हा टेबलाखाली त्याचा पाय ठेका धरत होता. मी स्वतः पाहिलंय!